ताईला शिकवलेली बोली

आमच्या शाळेत योजना येतात आणि जातात. शाळा तिथेच राहते आणि मीही. म्हणून चांदूर बाजारच्या बैठकीत एका संस्थेतर्फे तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळणार असं सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या बाईंशी परतवाड्यात लागलेल्या साड्यांच्या सेलबद्दल बोलत होते.

पण लॅपटॉप खरंच आले. जाड निळं प्लास्टिक, उचलायला मूठ, रबरी बटणं. गरीब देशांतल्या मुलांसाठीच बनवलेत, साध्या मोबाईलपेक्षा स्वस्त आहेत, पडले तरी फुटत नाहीत, इंटरनेट लागत नाही, असं संस्थेचा अजहर सांगत होता. अजहर अचलपूरचा, नुकता कॉलेजातून निघालेला मुलगा. मोटरसायकलवर पोती बांधून आला आणि शाळेच्या छपरावर सोलर बसवूनच चहाला बसला.

लॅपटॉपच्या आत एक ताई होती. ताई म्हणजे पडद्यावरचा गोल हसरा चेहरा आणि बाईचा स्वच्छ, पुणेरी आवाज. मुलांनी बोलायचं, तिने उत्तर द्यायचं, असा बेत होता.

"मले गोष्ट सांग," श्रावण म्हणाला.

ताई जरा थांबली. "मला समजलं नाही. पुन्हा सांग."

"बहिरी हाय का वं तू?"

"मला समजलं नाही. पुन्हा सांग."

वर्ग हसून लोळला. मला मात्र बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी मूळची अकोल्याची. माहेरी मीही 'मले-तुले'च बोलते, पण शाळेत नोकरी लागल्यापासून वह्यांतल्या प्रत्येक 'मले'वर लाल गोळा काढत आले, आणि पोरं मला गुंडाळून ठेवत आली. आता कोणीतरी भेटली होती जिच्यापुढे त्यांची मात्रा चालत नव्हती.

"तिले शिकवा लागते मॅडम," अजहर म्हणाला. "याच्यात एक धडा हाय, 'आपली बोली' नावाचा. पोट्ट्यायनं आपल्या भाषेत कायबी बोलाचं. ताई ऐकते अन् शिकते. मंग तिले समजते."

बाकीच्यांनी दोन दिवसांत तो धडा सोडला. त्यांना लॅपटॉपमध्ये क्रिकेट सापडलं. धडा धरून बसली ती एकटी खुशी.

खुशी म्हणजे माझ्या घरमालकिणीची मुलगी. माझा नवरा अमरावतीला बँकेत असतो, मी शाळेसाठी गावात राहते, रुख्मिणीच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन. रुख्मिणीचा नवरा गोवर्धन अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला, कापसाचा सीझन संपला की घरी येणार. म्हणजे घरात या दोघी मायलेकी, आणि भिंतीच्या अलीकडे मी. खुशीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत. शेजारच्या भांडणात कोण काय बोललं ते नकलेसकट सांगायची. मी कितीदा तरी भिंतीवर थाप मारून तिला गप्प केलं असेल.

आता ती रोज संध्याकाळी अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन बसू लागली आणि ताईला सगळं सांगू लागली. शेळीचं नाव काय, मायनं काल कोणाला शिव्या दिल्या, कपाशीच्या पऱ्हाटीत साप कसा निघाला, बाबा येताना काय आणतात. ताई मधूनमधून म्हणायची, "छान. अजून सांग." एवढ्या कौतुकाने खुशीचं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

एका संध्याकाळी खुशी आत जाऊन म्हणाली, "आई, मला भूक लागली आहे."

रुख्मिणी हसत माझ्याकडे आली. "ऐकलं का मॅडम? आमची पोट्टी साहेबीण झाली." तिने ते साऱ्या गल्लीत सांगितलं. मीही खूश होते. मुख्याध्यापकांसमोर मी खुशीला उभं करून चार वाक्यं बोलायला लावली, आणि ती इतकी शुद्ध बोलली की ते माझ्याकडेच कौतुकाने बघायला लागले.

मग सांबाराचं झालं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे वऱ्हाडातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. रुख्मिणी चुलीपाशी होती. तिने हाक दिली, "खुशे, मांगच्या वाफ्यातून सांबार आण वं."

खुशी मागे गेली आणि रिकाम्या हाताने परतली. "आई, सांबार वाफ्यात नसतो. तो इडलीबरोबर खातात."

रुख्मिणी हसली. मग तिने पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. त्या वाफ्यातला सांबार खुशी चालायला लागल्यापासून खुडत होती. मी म्हटलं, "अगं, कोथिंबीर."

"कोथिंबीर आहे ना," खुशी म्हणाली आणि लगेच घेऊन आली.

"हे मस्करी नाई करून रायली मॅडम," रुख्मिणी हळूच म्हणाली.

त्यानंतर एकेक शब्द जायला लागला. 'वावर' गेलं, 'शेत' आलं; 'काहून' गेलं, 'का' आलं. जो शब्द खुशी संध्याकाळी ताईला देऊन यायची, तो सकाळी तिच्याकडे नसायचा. लॅपटॉप काढून घ्यावा असं आम्हाला सुचेपर्यंत द्यायचं फारसं काही उरलंच नव्हतं. एक दिवस रुख्मिणीने ताट वाढून हाक मारली, "चाल जेवाले." खुशी दारात उभी राहिली. तिने मान किंचित तिरकी केली, जरा थांबली. ते थांबणं मी ओळखलं.

"मला समजलं नाही," खुशी म्हणाली. "पुन्हा सांग."

रुख्मिणीने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर. शेवटी मी तिला प्रमाण मराठीत जेवायला बोलावलं, तेव्हा ती हात धुऊन पाटावर बसली. माय आणि लेकीच्या मध्ये बसून मी एकीचं दुसरीला सांगत होते. सगळी शाळा सुधारायला निघालेली मी, माझं ताट मी त्या दिवशी शेळीपुढे ठेवलं.

आम्ही लॅपटॉप बंद करून कपाटावर टाकला. दोन-चार दिवस शांततेत गेले. मग एका संध्याकाळी मी खोलीत भाजी निवडत असताना आतून आवाज आला, "माय वं, मले भूक लागली. भाकर टाकून रायली का नाई?"

माझ्या जिवात जीव आला. आलं बाई पोरीचं बोलणं परत, असं म्हणत मी तशीच उठून गेले. खुशी उंबऱ्यावर बसून पाढे लिहीत होती. तिचं तोंड बंद होतं. रुख्मिणीचा पिठाचा हात परातीत तसाच थांबला होता आणि ती कपाटाकडे बघत होती.

"आज बेसन हाय ना?" कपाटावरून आवाज आला. आवाज खुशीचाच, थेट, लाडात आलेला. "मले वास आला."

चुलीवर बेसनच होतं.

मी अजहरला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, लॅपटॉप उघडून बराच वेळ खटपट करत बसला. "मॅडम, याच्यात आवाज जमा होतच नाई. ऐकते, शिकते, अन् ऐकलेलं पुसून टाकते. येवढी जागाच नाई याच्यात, सस्ती मशीन हाय." त्याने आमच्या देखत बॅटरी काढली, फुंकली, परत लावली. लॅपटॉप मुका. "पोट्टीनंच नक्कल केली असन," असं म्हणून तो हसला आणि गेला. त्याची मोटरसायकल वळणापलीकडे गेली.

"गेला का वं तो?" लॅपटॉपने विचारलं.

"गेला," रुख्मिणी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती भानावर आल्यासारखी पदर सावरत आत गेली. पण त्या दिवसापासून लॅपटॉप कपाटावर नव्हता, चुलीजवळच्या फळीवर होता.

मला राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. ज्याने घेतलं त्याच्याकडून परत घ्यायचं, असं ठरवून मी खुशीला त्याच्यासमोर बसवलं. "हिला परत शिकव," मी त्या निळ्या डब्याला म्हटलं, जणू वर्गातल्या दांडग्या पोराला दम देते आहे.

"म्हन, मले," डबा म्हणाला.

"मला," खुशी म्हणाली.

"मले समजलं नाई. पुन्हा सांग."

"मला."

"मले समजलं नाई. पुन्हा सांग."

खुशीने ओठ मुडपून, मान हलवून, डोळे मिटून खूप प्रयत्न केला. मग ती रडायला लागली. पूर्वी ही पोर रडायला लागली की तिचं 'माय वं माय' चौकापर्यंत ऐकू जायचं. आता आवाज नव्हता. पाहुणी आलेली मुलगी रडेल तशी, कोणाला त्रास नको म्हणून भिंतीकडे तोंड करून रडत होती. रुख्मिणी उठली. ती पोरीला जवळ घेईल असं मला वाटलं. तिने लॅपटॉप उचलून पदराखाली धरला.

"त्याले काहून छळता मॅडम?" ती म्हणाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निरोप आला. योजना संपली. लॅपटॉप परत जमा करायचे, सगळे पुसून कोरे करायचे आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना द्यायचे. देवच पावला असं मला झालं. तो डबा घरातून गेला की ही बाई पुन्हा आपल्या लेकीकडे बघेल, जवळ घेईल, शब्दांचं पुढे बघता येईल. माझी सगळी आशा त्या एका दिवसावर होती.

"पुसाचं म्हंजे?" रुख्मिणीने विचारलं.

"आतलं सगळं काढून टाकायचं."

"म्हंजे मारून टाकाचं."

"रुख्मिणी, तुझी लेक ही समोर उभी आहे. रक्तामासाची. तिच्याकडे बघ."

तिने पाहिलं. खरंच पाहिलं, मी खोटं नाही बोलणार. बराच वेळ पाहिलं. "हे मले वळखत नाई मॅडम," ती म्हणाली. "ते वळखते."

अजहर जीप घेऊन आला. शाळेतले सगळे लॅपटॉप गोळा झाले. शेवटी तो घरी आला. रुख्मिणी दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. अजहर समजुतीने बोलत होता की काकू, माझी नोकरी आहे, मोजून द्यावे लागतात. खुशी माझ्याजवळ उभी होती. तिच्यासाठी मी काय काय नवस बोलले होते ते माझं मला माहीत.

तेवढ्यात आतून आवाज आला. घाबरलेला, रडवेला. "माय, मले नको देऊ. मले नको देऊ वं माय."

अजहरनेही ते ऐकलं. तो मागे सरकला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक मशीन फुटली म्हणून सांगतो मी." मी त्याला हाका मारल्या, पार रस्त्यापर्यंत मागे गेले. तो थांबला नाही. मी परत आले तेव्हा दार आतून लावलेलं होतं, आणि खुशी बाहेर होती.

ती आता माझ्या खोलीत राहते. म्हणजे तसं कोणी ठरवलं नाही. रुख्मिणी वाईट बाई नाही; खुशीचं ताट रोज झाकून माझ्या दारात ठेवते, तिचे कपडे धुते, वेणीची रिबन आणते. शेजारच्या मुलीसाठी एखादी चांगली बाई करेल ते सगळं करते. गोवर्धनचा अकोल्याहून फोन येतो, "खुशीले दे जरा," आणि रुख्मिणी फोन फळीजवळ नेते. बापलेकीच्या गप्पा रंगतात. सीझन लांबल्यामुळे त्याला इतक्यात सुट्टी नाही. तो येईल तेव्हा काय होईल, याचा विचार मी करत नाही.

खुशी वर्गात पहिली आली. तिच्या वहीत लाल गोळा काढायला मला जागा मिळत नाही.

काल संध्याकाळी आम्ही दोघी अंथरुणं घालत होतो. पलीकडे हसणं चाललं होतं. कसल्यातरी चिडवाचिडवीवरून रुख्मिणी पोट धरून हसत होती, आणि तो दुसरा आवाज तिला अजून हसवत होता. खुशी भिंतीला कान लावून बसली.

"मॅडम, त्या काय बोलतात?"

"काही नाही गं. नेहमीचंच."

ती ऐकत राहिली. "एक शब्द सारखा येतो," ती म्हणाली. "माय. माय म्हणजे काय?"

"आई," मी म्हटलं.

खुशीने मान किंचित तिरकी केली, जरा थांबली.

"कोणाची?" तिने विचारलं.