ओळखीची खूण

सकाळी ११.४० वाजता गुणवंत तायडे यांच्या उजव्या गालावरचा तीळ काढण्यात आला. अकरा मिनिटं लागली. चार टाके पडले.

त्याआधी सात महिने ते नाही म्हणत होते. तीळ वाढला होता, त्याची कड वेडीवाकडी झाली होती, दोनदा रक्तही आलं होतं. पण निवृत्ती जवळ आली होती आणि सेवापुस्तकात ओळखीची खूण म्हणून हाच तीळ नोंदलेला होता. दिल्लीतल्या एका मंत्रालयात तीस वर्षं त्यांनी इतरांचे पेन्शनचे कागद तपासले होते आणि याहून लहान तफावतीसाठी परत पाठवले होते.

"कागदावर तीळ आणि गालावर नाही, हे कसं चालेल?" आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ते विचारत.

"मग तीळ राहील आणि तुम्ही जाल. ते चालेल?" पत्नी सुमित्राबाई म्हणत.

"बाबा, यार, खूण बदलायचा अर्ज द्या ना," मुलगी कृतिका म्हणाली.

"तो माझ्याच टेबलावर येतो."

"अच्छा? मग मंजूर करा."

शेवटी त्यांनी तो अर्ज शेजारच्या टेबलावर दिला आणि रुग्णालयाची तारीख घेतली.

अहवाल नवव्या दिवशी आला. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं: एखादी पेशी चुकून वाढू लागते, मग बहुतेक वेळा आतूनच ब्रेक लावते, शेजारच्या पेशीही तिला आवरून धरतात. तीळ म्हणजे अशी थांबलेली वाढ. रक्त आलं ते दाढीच्या ब्लेडमुळे.

"ब्रेक लगाने का ऑर्डर कौन देता है?" गुणवंतांनी विचारलं.

"कोई नहीं. सेल खुद लगाता है."

"किसी से पूछे बिना?"

सुमित्राबाईंना हसू आवरेना. "बघा," त्या मराठीत म्हणाल्या, "एवढीशी पेशी. तिला वरच्या सहीची गरज नाही." मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

डॉक्टरांनी बाकीची त्वचाही तपासली. डाव्या खांद्याखाली, पाठीवर, आणखी एक तीळ होता. तो केव्हापासून आहे, हे दोघांनाही सांगता आलं नाही. आत्ता काही करायचं नाही, फक्त मोजत राहा, असं डॉक्टर म्हणाले.

दर रविवारी अंघोळ झाली की गुणवंत खिडकीकडे पाठ करून उभे राहतात. सुमित्राबाई चष्मा लावतात आणि तिळाशी मोजपट्टी धरतात.

सहा रविवार झाले. माप अजून चार मिलिमीटरच आहे.