ज्यांना पावलं ऐकू येत नाहीत

“सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठीच नाही!” सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “तुझा सिनेमा नेमका कोण बघणार, ते आधी सांग. मग पुढचं बोलू.”

‘सगळे’ म्हणण्याआधी तिने सिनेमाच्या वर्गातल्या इतरांसारखंच ‘पंधरा ते पंचवीस वयोगट’ असंही ठोकून दिलं होतं. थरारपट म्हटला की तरुण पोरं येणारच, त्यात काय शोधायचं? सिनेमा झकास जमलाय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. एकटी राहणारी बाई आणि वरच्या बंद खोलीत वाजणारी पावलं. वर्गातल्या दोघींनी तर कानांत बोटं घातली होती.

सुट्टीच्या दिवशी तिने तो बाबांना दाखवला. बाबांची उभी हयात यंत्रमागांवर गेली. त्या खडखडाटात कान कधी गेले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं टिपायचे; पण कुणी बहिरेपणाचं नाव काढलं की, “मला जरा कमी येतं ऐकू,” म्हणून विषय तोडायचे.

सिनेमा संपला. बाबा म्हणाले, “छान झालाय. पण ती बाई सारखी वर काय बघते गं? छताला ओल आलीय का?”

ती खो खो हसली आणि हसता हसता गप्प झाली. सगळी भीती तिने आवाजात ठेवली होती. बाबांच्या वाट्याला नुसतं छत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली. “सर, प्रेक्षक सापडला. ज्यांना ऐकू येत नाही, ते.”

“डोकं ठिकाणावर आहे ना? थरारपटातून आवाज काढलास तर उरलं काय?”

“तेच तर दाखवते.”

तिने अर्धाअधिक सिनेमा पुन्हा चित्रित केला. आता वरच्या पावलांनी पेल्यातलं पाणी थरथरायचं, टांगलेला दिवा झुलायचा. शेवटी दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत दोन सावल्या येऊन थांबायच्या आणि बाई नेमकी पाठमोरी असायची.

पहिला खेळ तिने कर्णबधिरांच्या मंडळात लावला. बाबा आढेवेढे घेऊ लागले.

“मी कशाला तिथे? मला येतं की थोडंफार.”

“माझे वडील म्हणून चला.”

“मग आलोच,” म्हणत त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला.

पेल्यातलं पाणी हललं तशी हॉलमधली चुळबुळ थांबली. दाराखाली सावल्या आल्या आणि अंधारात हातच हात उठले. सगळे पडद्याकडे बोटं दाखवत होते. एक आजोबा तर उठून उभेच राहिले. बाबांनी तिचं मनगट गच्च धरलं.

“अगं, मागे बघ की बाई!” ते केवढ्यांदा तरी ओरडले.

कुणी वळून पाहिलं नाही. शेवटच्या रांगेतले सर तेवढे दचकले.

तिला हसू आवरेना. प्रेक्षक अगदी बरोबर सापडला होता.

दिवे लागले. बाबांनी सवयीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग त्यांचं आजूबाजूला लक्ष गेलं. टाळी कुणीच वाजवत नव्हतं. सगळ्यांनी दोन्ही हात डोक्यावर उंच धरले होते आणि पंजे भराभर हलवत होते. हॉलभर ही बिनआवाजाची टाळी चालली होती.

बाबांचे हात छातीशीच थांबले. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं.

मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सावकाश मागे सारल्या आणि आपले दोन्ही हात वर उचलले.