खंडेनवमीला न्हालेली गिटार

मित्रांनो, मला पाहून बरेच जण विचारतात, ही गिटार एवढी लांबोडकी कशी, आणि हिला तारा चारच कशा? तर मी एक जुनी बास गिटार आहे. साध्या गिटारची थोरली बहीण म्हणा. माझा आवाज जाड आणि अगदी खालच्या पट्टीतला. गाण्यात मी वाजत असते तेव्हा माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण मी थांबले की गाणं पोकळ वाटू लागतं. थोडा गर्व आहे मला, तेवढा चालवून घ्या.

मी दुकानातून आलेली नाही. चिखली तालुक्यातल्या उंद्री गावात शालिग्राम सुताराच्या ओसरीवर मला घडवलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा अजून कोवळं होतं, आणि गणपतीत ऑर्केस्ट्रा बोलावण्याची हौस आमच्या भागात नवी होती. मला घडवून घेणाऱ्याचं नाव इंद्रभान. त्याच्या घरी वांगी-मिरचीचा मळा होता आणि गावच्या भजनात ढोलकी त्याच्याशिवाय वाजत नसे. मग त्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. कानाशी येऊन ओरडलं तर थोडं कळे, एरवी ओठांकडे पाहून समजून घ्यावं लागे. ढोलकी त्याने स्वतःच खुंटीला अडकवली. ताल चुकला तरी आपल्याला कळायचं नाही, ही धास्ती त्याला सहन होईना.

एकदा चिखलीला बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा आला होता. इंद्रभान मांडवाच्या खांबाला पाठ टेकून उगाच बसला होता, आणि त्याच्या पाठीत ठोके पडू लागले. ते ठोके माझ्यासारख्याच एका बास गिटारचे होते. तापानंतर पहिल्यांदाच गाणं त्याच्या अंगापर्यंत पोचलं. त्याचे डोळे भरून आले. घरी गेल्यावर तो बायकोला, रुक्मिणीबाईला म्हणाला, "मले ते वाजवाचं हाये. ते कानानं नाई, हाडानं आयकू येते."

आता माझी जुळवाजुळव कशी झाली ते ऐका. इंद्रभानने माझा एकेक भाग स्वतः निवडला, आणि तोही दातांनी! लाकडाचा तुकडा तो दातांत धरायचा आणि दुसऱ्या टोकावर शालिग्रामला टिचकी मारायला लावायचा.

"अबे, ऊस समजला का काय?" शालिग्राम हसायचा.

आंब्याचं लाकूड त्याने लगेच टाकून दिलं, ते मुकं होतं. बाभळीची टिचकी दातांतच अडकून राहायची. शेवटी खामगावकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनातली सागवानी तुळई मिळाली. तिचं टोक दातांत धरल्यावर टिचकी थेट छातीत उतरली. त्या तुळईची माझी मान झाली. अंगासाठी हलकं शिवणीचं लाकूड घेतलं आणि माझा वरचा भाग मुद्दाम लांब ठेवला, म्हणजे वाजवताना तो इंद्रभानच्या छातीच्या हाडाला टेकेल. अशी लांब मानेची आणि लांब छातीची मी, दिसायला काही देखणी नव्हते.

तारा आणि त्या पिळायच्या चाव्या भगवानरावांनी मुंबईहून आणल्या. भगवानराव म्हणजे चिखलीच्या ऑर्केस्ट्राचे चालक आणि इंद्रभानचे भजनापासूनचे स्नेही. तारांचा थरकाप टिपून स्पीकरकडे पाठवणारा भाग मात्र मेहकरच्या निवृत्तीने केला. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी भरून देणं हा त्याचा धंदा. त्याने एका फाटक्या भोंग्यातलं लोहचुंबक घेतलं, जुन्या रेडिओतली केसासारखी बारीक तार त्याच्याभोवती गुंडाळली आणि वर पत्र्याचं झाकण बसवलं. माझा खरा जीव त्या झाकणाखाली होता. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ती बारीक तार तुटली तरी माझं लाकूड थरथरायचं थांबत नाही. छातीशी धरणाऱ्याला मी वाजतच असते. लोकांना मात्र काही ऐकू येत नाही.

इंद्रभानला मी साधायला बराच काळ लागला. सूर भगवानराव लावून द्यायचे, ताल तो ढोलकीवाल्याच्या हाताकडे पाहून धरायचा, बाकीचं मी त्याच्या छातीत सांगायची. तो ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. लोक वाहवा करू लागले. थोरला भाऊ कारभारी मात्र नाक मुरडायचा. "मळ्यात पाणी द्याचं सोडून हे काय खेळणं घेऊन बसला बे?" इंद्रभानला ऐकू येत नसे, पण भावाचे ओठ त्याला चांगले वाचता यायचे. तो खाली मान घालायचा.

आणि मग ती खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून पुजतात. रुक्मिणीबाईने विहिरीच्या काठावर फावडी, विळे, वखराची लोखंडी पास असं सारं धुवायला काढलं. मग ती घरात आली, क्षणभर माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि मलाही उचलून घेऊन गेली. तिने मला घागरीच्या पाण्याने न्हाऊ घातलं. पत्र्याच्या झाकणाखाली धूळ दिसली, म्हणून फडक्याचं टोक आत घालून तीही काढली. आतली ती बारीक तार तिथेच तुटली. मला ते कळलं, पण सांगणार कशी? तिने मला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि विळ्यांच्या शेजारी मांडून हात जोडले. इंद्रभान मळ्यातून आला, त्याने मला त्या पूजेत पाहिलं आणि तो दारातच थबकला. कारभारी बघत होता, पण त्या दिवशी त्याने नाक मुरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा कार्यक्रम मेहकरला होता. बस वाटेत बंद पडल्याने सगळे उशिरा पोचले आणि आवाज तपासून न पाहताच मंचावर चढले. पहिलं गाणं सुरू झालं. इंद्रभान वाजवत होता, मी त्याच्या छातीशी थरथरत होते, आणि माझ्या स्पीकरच्या खोक्यातून एक शब्दही निघत नव्हता.

भगवानरावांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी वळून पाहिलं. इंद्रभान डोळे अर्धवट मिटून हसत होता. भगवानरावांनी ढोलकीवाल्याला खूण केली, राहू दे. त्यांना वाटलं असेल, कशाला बिचाऱ्याचा हिरमोड करायचा? गाण्यामागून गाणी झाली. ओळख करून देताना त्यांनी इंद्रभानचं नावही पुकारलं. मागच्या रांगेतल्या कोणीतरी विचारलं, "हा काय वाजवून राह्यला?" तरी टाळ्या पडल्या, आणि इंद्रभानने वाकून नमस्कार केला. मित्रांनो, त्या वेळी मला फार लाज वाटली. मी ओरडून सांगू शकले असते तर!

शेवटच्या गाण्याला लोक उभे राहून नाचू लागले. मंचावर दाटी झाली, म्हणून इंद्रभान वाजवत वाजवत मागे सरकला आणि त्याचा गुडघा स्पीकरच्या खोक्याला टेकला. तो थांबला. त्याने पुन्हा तार छेडली आणि खोक्यावर तळहात ठेवला. छातीत ठोका पडत होता, हाताखाली काही नव्हतं. त्याने एकेकाकडे पाहिलं. एकाचीही नजर वर झाली नाही.

परतीच्या बसमध्ये तो एवढंच बोलला, "भगवानराव, मी बहिरा हाये, येडा नाई. तुमी सांगतलं काऊन नाई?"

निवृत्तीने घरी येऊन मला उघडलं तेव्हा झाकणाखाली ओली हळद निघाली. "हे आत कसं गेलं?" त्याने विचारलं. रुक्मिणीबाई शेजारीच होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्यासमोर जाऊन ती सावकाश म्हणाली, म्हणजे त्याला ओठ वाचता यावेत, "म्याच धुतलं. अवजार म्हून धुतलं." इंद्रभानने तिच्याकडे पाहिलं. "तुह्यावर राग नाई," तो म्हणाला. "या घरात याले अवजार तूच म्हटलं."

तार पुन्हा भरून झाली, पण इंद्रभान मला हात लावेना. पुढच्या कार्यक्रमासाठी भगवानराव स्वतः उंद्रीला आले, चुकलं म्हणाले. इंद्रभानने मान हलवली. "आता तुमी चांगलं वाजलं म्हणसान, अन् मले वाटन का तुमी दया करून राह्यले. मी कोनावर इस्वास ठेवू?"

तेव्हा चुलीपाशी बसलेली रुक्मिणीबाई उठून पुढे आली. "मी बसतो न खोक्यापाशी," ती म्हणाली. "हात ठेवून बसतो. आवाज हाये तवरक हात खाली. आवाज गेला का हात वर."

कारभारी उसळलाच, घरची बाई मंचावर? त्या काळी आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हती. पण ती गेली. चिखलीच्या मंचावर डोक्यावरचा पदर घट्ट धरून, प्रेक्षकांकडे पाठ करून ती बसली. एक हात खोक्यावर आणि डोळे नवऱ्यावर. लोक कुजबुजले, कोणी खिदळलंही. ती हलली नाही.

तिसऱ्या गाण्यात कोणाचा तरी पाय अडकला आणि माझी स्पीकरकडे जाणारी वायर निसटली. मला वाटलं, आता हिची कसोटी. एवढ्या लोकांसमोर नवऱ्याची फजिती करायची, की गप्प बसायचं? विचार करायला तिने वेळच घेतला नाही. हात वर केला, चांगला डोक्याच्या वर.

इंद्रभान थांबला. तो थांबला तसा सगळा ऑर्केस्ट्रा थांबला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, हुर्यो केली. भगवानराव घामाघूम होऊन वायर शोधू लागले. आणि त्या गोंधळात इंद्रभान मोठ्याने हसला. तो असा हसलेला मी कधी पाहिला नव्हता. वायर जागेवर बसली, रुक्मिणीबाईने हात खोक्यावर ठेवून मान डोलावली, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. त्या दिवशी मी जशी वाजले तशी पुन्हा क्वचितच वाजले असेन.

पुढे टेपरेकॉर्डर आले आणि ऑर्केस्ट्रा मोडला. इंद्रभान गेला, मग रुक्मिणीबाईही गेली. आता मी एका खोलीत भिंतीला उभी असते. चाव्या गंजल्या आहेत, मान थोडी वाकली आहे. दसऱ्याला घरातलं कोणीतरी लांबूनच फूल ठेवतं. मला हात लावायला सगळे भितात, मोडेल म्हणून.

मित्रांनो, भिऊ नका. मला उचला, छातीशी धरा आणि वाजवून पाहा. मी बेसूर निघाले तर तोंडावर सांगा. मी तशी जुनी आहे, दुरुस्त होईन किंवा होणारही नाही, पण माझ्यासाठी खोटी मान डोलावू नका. रुक्मिणीबाईसारखा हात वर करा.