शुद्धीवर आलेला नवरा

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेणार. कोंडीराम. अकरा वर्षं त्याला रस्त्यातून उचलून घरी आणताना सगळ्या पिंपरीसमोर याच नावानं हाका मारल्या, आता कसली लाज?

दारूबंदी होती, म्हणजे दारू पवनेच्या काठी बाभळीत मिळायची. छबूबाई तिथं हातभट्टी लावायची आणि कोंडीराम तिचं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक. रेल्वेच्या गँगमधलं काम पिण्यापायी गेलं. घरात मी आणि आमची लेक शकू, दोघी त्याच्या वाटेकडे डोळे लावून. गावाबाहेर औषधाचा कारखाना उभा राहिला आणि बायका घेणार असं कळलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी दारात जाऊन उभी राहिले. चौथी शिकलेली होते, नजर चांगली होती. बाटल्या तपासायचं काम मिळालं. भरलेली एकेक बाटली उजेडासमोर धरायची, आत कण दिसला, काच दिसली की बाजूला काढायची. एवढंच. पण त्या खोलीत कोणी ओरडत नव्हतं. आमच्यावरच्या इंदुताई म्हणायच्या, "रतनबाई, तुमच्या हाताखालून गेलेली बाटली मी पुन्हा बघत नाही." असं मला माझ्या आईनंही कधी म्हटलं नव्हतं.

कामावर लागताना नवऱ्याची हरकत नाही असा कागद द्यावा लागला होता. कोंडीरामनं तो वाचलासुद्धा नाही. नवटाक मारून आला होता. "कुटं करू सही?" म्हणाला आणि करून आडवा झाला.

छप्पन साली दिवाळीच्या सुमारास त्याला रक्ताची उलटी झाली. चिंचवडच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. यकृत सुजलंय, म्हणाले, यापुढं थेंब जरी घेतला तरी वर्ष काढायचा नाही. मी शेजाऱ्यांची बैलगाडी मागून आणली, त्याला आळंदीला नेलं आणि एका बुवांपुढं बसवून गळ्यात माळ घालायला लावली. बुवांनी माळ फुकटात घातली, पण पुढचे बावीस दिवस मी काढले. तो थरथरायचा, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून ओरडायचा, माझ्या आईबापाचा उद्धार करायचा. इंदुताईंनी रजा दिली. मी दाराला आतून कडी घालून दारातच बसून राहिले.

त्यानं सोडली. सोडली म्हणजे सोडलीच. मी गल्लीत साखर वाटली. त्याच्या तोंडावर रंग आला, एका बैठकीला तीन भाकरी खायला लागला, गँगवर पुन्हा रुजू झाला. मी सुखी होते, खोटं कशाला बोलू? तीन महिने मी इतकी सुखी होते की कामावर जाताना गाणं गुणगुणायची.

मग शुद्धीवर आलेला माणूस घर बघायला लागला. अकरा वर्षं घरात मीठ कुठं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. आता आमटी पातळ का, शकू एवढा वेळ बाहेर का, विहिरीवर कोणाशी हसत होतीस, सहाला सुटतेस तर सात का वाजले. संध्याकाळी तो तात्याबांच्या भजनात बसायचा. तात्याबा म्हणजे गावातले वडीलधारे, त्यांच्या शब्दाला मान. लोक त्याला कोंडीबुवा म्हणू लागले आणि ते त्याला चांगलंच मानवलं.

अशात कारखान्यानं आठ बायकांना कायम करायचं ठरवलं. त्यात माझं नाव होतं. पुन्हा तोच हरकत नसल्याचा कागद, शनिवारपर्यंत भरून द्यायचा, नाहीतर काम गेलं. मी तो त्याच्यापुढं ठेवला. या वेळी त्यानं वाचला. ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला.

"ह्ये न्हाई व्हायचं," तो म्हणाला.

"का?"

"माळकऱ्याच्या घरची बाई कंपनीत जाती, लोक काय म्हणत्याल?"

"तुमी पडल्यालं व्हता तवा ह्याच कंपनीनं भाकर घातली."

"तवा मी शुद्धीत नव्हतो. आता हाय. लई सोसलंस तू. आता घरात बसायचं, सुखानं."

हे त्यानं अगदी मायेनं म्हटलं. प्यायलेल्या नवऱ्याला मी चार शिव्या देऊ शकत होते आणि सगळी गल्ली माझ्या बाजूनं होती. माळ घातलेल्या नवऱ्याविरुद्ध माझ्या बाजूनं कोण उभं राहणार? मी विनवण्या केल्या, भांडले, एक दिवस चूलही पेटवली नाही. तो म्हणाला, बरं झालं, उपास घडला.

शुक्रवारी दुपारी मी छबूबाईकडे गेले.

"तू?" ती म्हणाली. "मागं दगड घिऊन आलतीस माज्यावर."

"नवटाक दे."

तिनं बाटली भरली, पण हात आखडला. "रतन, त्यो मरंल गं."

दारू विकणाऱ्या बाईनं मला हे सांगावं! मरणार नाही, मी मनाशी म्हणत होते. एकदाच पिईल, सही करील, मी पुन्हा बावीस दिवस कडी लावून बसेन. खरं सांगायचं तर मी त्याच्या यकृताचा विचारच करत नव्हते. मला फक्त कागद दिसत होता.

दिवेलागणीला तो आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. मी ताट वाढलं, ताटाशेजारी पेला ठेवला आणि पेल्याशेजारी कागद. वास घरभर झाला होता. त्याचा हात पेल्याकडे गेला. पेला उचलला, ओठांजवळ नेला. ज्या देवापुढं मी त्याची दारू सुटावी म्हणून डोकं आपटलं होतं, त्याच देवाला मी म्हणत होते, पिऊ दे, एवढा एक पेला पिऊ दे.

निम्मी दारू त्याच्या बोटांवर सांडली. मग तो उठला. उरलेली मोरीत ओतली, पेला राखेनं तीनदा घासला, कोपरापर्यंत हात धुतले आणि तिथंच मोरीजवळ बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. आमचं रडणं एका गोष्टीसाठी नव्हतं.

"रतन," तो शेवटी म्हणाला, "मी तुला माफ केलं." आणि कागद चुलीत घातला.

तो खरोखर जिंकला, मी नाही म्हणत नाही. त्या पेल्यापुढं टिकणं सोपं नव्हतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? शनिवार गेला. सोमवारी माझ्या जागेवर दुसरी बाई बसली.

एकादशीला आमच्या घरी भजन झालं. भजन संपल्यावर कोंडीराम बोलायला उभा राहिला. मी आत चहा गाळत होते. "घरच्याच माणसानं प्याला म्होरं केला," तो सांगत होता, "पर माउलीनं हात धरला." नाव त्यानं घेतलं नाही. घरची माणसं अशी किती असणार? कागदाचं काही बोलला नाही. पुरुष वा वा करत होते. दाराशी बसलेल्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरून थोड्या पलीकडे सरकल्या.

तात्याबांनी डोळे पुसले. "रतनबाई, भायेर ये. नवऱ्याच्या पाया पड. असा पुरुष नशिबानं मिळतो."

पन्नास माणसं बघत होती. मी त्याच्या पाया पडले. मग तात्याबांच्या पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अखंड सौभाग्यवती हो, पोरी."

कोंडीरामची तब्येत बघता आशीर्वाद खरा होणार, यात मला शंका नव्हती.