फुकट दिलेली तागडी

मी तागडी बोलतेय. दोन पितळी पारडी, सहा साखळ्या आणि मधे एक लोखंडी दांडी. वय चाळिशीच्या पुढं. पारडी जरा खालून सुटलीत, पण या वयात कुणाचं काय सुटत नाही?

आधीच सांगून टाकते, मी काही गुणाची बाई नाही. मी सूड घेतलाय. तोही तोंडातून शब्द न काढता, जागेवर लटकून.

माझा जन्म सांगलीतला. आष्ट्याच्या तात्यांनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणलं. बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान. गल्ल्याच्या वर, आढ्याच्या हुकाला त्यांनी मला अडकवलं आणि तिथून मी सगळं आष्टा बघितलं. कोण डाळीचा भाव ऐकून नवऱ्याकडं बघतं, कोण पोत्यात हात घालून शेंगदाणे चाखतं, कोण पारडी बरोबर आली तरी म्हणतं, "तात्या, वारं लागलं की ओ, अजून घाला." तात्या हसून चार दाणे वर टाकायचे.

एकदा हूक निसटून मी फरशीवर आपटले. डाव्या पारड्याची कड तुटली आणि ते हलकं झालं. तात्यांनी लाल फडक्यात दोन-तीन खडे बांधले, ती गाठ त्या पारड्याखाली बसवली आणि मला पुन्हा सरळ केलं. या गाठीला पासंग म्हणतात. बाईच्या पोटात एखादी गोष्ट असते ना, जिच्यामुळं ती सरळ उभी असते, तसंच ते. दिसायला मळकट, पण ती नसली की गेलं सगळं.

तात्या गेले आणि त्यांचा मुलगा भाऊसो गल्ल्यावर बसला. माणूस वाईट नाही, पण घाबरट. सांगली रोडला मोठं मार्ट उघडलं आणि याची झोपच उडाली. तिथं गारगार हवा, ढकलायच्या गाड्या, पॅकबंद डाळी, एकावर एक फुकट. भाऊसोनं आधी लाल आकड्यांचा काटा आणून माझ्या जागी ठेवला आणि मला माळ्यावर टाकलं. मग दिवाळीत त्यानंही पाटी लावली, 'मोठ्या बाजारावर हमखास भेटवस्तू'. भेटवस्तू कुठल्या, तर माळ्यावरचं भंगार. कुणाला कंदील गेला, कुणाला बरणी.

मी शालूबाईंना गेले. वजनांसकट. साबणाच्या वडीवर कंगवा देतात तशी.

चाळीस वर्षं ज्या दुकानाचं नाव मी सरळ धरलं, त्यानं मला फुकट दिलं! खरं सांगते, विकली असती तर एवढं लागलं नसतं.

शालूबाई म्हणजे सुभेदार जयराज यांच्या मिसेस. सुभेदार रिटायर होऊन घरी आलेले, आणि बाईंना एकच नाद, भाव बघायचा. कॅलेंडरच्या मागं दोन रकाने. एकावर 'भा', एकावर 'मा'. साखर मार्टात तीन रुपयांनी कमी, शेंगदाणे भाऊसोकडं पाचनं कमी, तूरडाळीला दोन्हीकडं आग. साखरेचे तीन रुपये वाचवायला बाई स्कुटीवरून मार्टात जायच्या आणि येताना बादली, पायपुसणं आणि चार बिस्किटाचे पुडे घेऊन यायच्या.

"तीन रुपयं वाचवायला गेलतीस न्हवं?" सुभेदार विचारायचे. "मग ही बादली कुठल्या लढाईची?"

"आवं, ऑफर हुती!"

"भाऊसोकडंबी ऑफर हुती. तागडी आणलीस. आता काय, तोलून जेवायचं?"

भाऊसोकडं गेलं की तो फोनवर बोलत असायचा, बरण्यांवर धूळ, निम्म्या वस्तू "उद्या येतील". पण कुठली डाळ लवकर शिजते ते तोच सांगायचा, गुळाचा खडा हातावर ठेवायचा, सुभेदारांचा गुडघा कसा आहे विचारायचा. मार्टात गुडघा कुणी विचारत नाही. दारातच पिशवी बांधून घेतात. बाई दोन्हीकडं जायच्या, निम्मं इथं, निम्मं तिथं.

मग एक दिवस बाईंनी मला चटणीच्या मिरच्या तोलायला काढलं. चिंच लावून घासलं. लय बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू. घासता घासता त्यांचा हात गाठीला लागला.

"शी! ही मळकट गाठ कशाला?" म्हणाल्या, आणि कात्रीनं कापून कचऱ्यात टाकली.

आम्हा तागड्यांना बोलता येत नाही, हे तर आहेच. पण आलं असतं तरी मी त्या दिवशी बोलले नसते.

दुसऱ्या दिवशी भाऊसोकडची किलोभर साखर आली. बाईंनी सहज डाव्या पारड्यात ओतली, उजवीकडं वजन. मी उजवीकडं झुकले. अर्धी मूठ कमी. शेंगदाणे पाव किलो, तेही अर्धी मूठ कमी. किलोलाही तेवढंच आणि पावालाही तेवढंच, हे बघून हुशार बाई थांबली असती. शालूबाई थांबल्या नाहीत, शेजारच्या सुलाबाईंकडं गेल्या.

"सुले, भाऊसो माप मारतोय गं!"

"काय सांगतीस? आणि मार्टातलं?"

"त्ये कशाला तोलायचं? वर छापलंय की."

मला हसू आवरेना. छापलेलं तोलायचं नाही आणि ओळखीच्या माणसाचं तोलायचं, ही कुठली रीत! पण मला काय? मी रोज मनापासून उजवीकडं झुकत होते. गल्लीतल्या बायका पुड्या घेऊन यायच्या आणि मी प्रत्येकीला अर्धी मूठ कमी दाखवायचे. दोन महिन्यांत भाऊसोच्या पायरीवरच्या चपला कमी झाल्या. त्याच्या बायकोला हळदीकुंकवात कुणीतरी तोंडावर बोललं. मला वाटलं, भोग आता. दे मला फुकट!

शेवटी भाऊसोनं बाईंना रस्त्यातच गाठलं. "वैनी, माझ्या बापानं कुणाचा एक दाणा मारला न्हाई. मी मारलं असंल तर दुकानात येऊन चारचौघांत दाखवा. खरं निघालं तर त्याच दिवशी शटर वढतो."

बाई बाजाराच्या दिवशीच गेल्या. मला घेऊन. मागं सुलाबाई, त्यांच्या मागं अर्धी गल्ली.

मला माझ्या जुन्या हुकाला अडकवलं. वरून बघितलं तर पोती निम्मी रिकामी, आणि भाऊसोची दाढी वाढलेली. त्यानं लाल आकड्यांच्या काट्यावर किलोभर साखर तोलली. बरोबर एक किलो. तीच माझ्या पारड्यात ओतली. मी झुकले. कमी.

"बगा!" शालूबाई ओरडल्या. "ही तुमच्या तात्यांची तागडी. आता ही खोटी म्हणता का तुमचा लाल काटा?"

भाऊसोनं एकदा काट्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तागडी खोटी म्हणावं तर बाप खोटा, खरी म्हणावं तर आपणच चोर. त्याचा एक हात शटरकडं गेलेला मी बघितला. दुसऱ्या हातानं, का कोण जाणे, त्यानं माझं डावं पारडं धरलं. बोटं खाली गेली, चाचपत राहिली.

"वैनी... हितला पासंग कुठाय?"

"कसला पासंग?"

त्यानं साखर काढली, वजन काढलं आणि मला रिकामी सोडली. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आता फक्त सरळ राहायचं होतं. एवढंच. दांडीच्या खिळ्याला गंज होता, त्याच्या आधारानं मी जीव खाऊन सरळ राहिले. आणखी घटकाभर, म्हटलं, की याचं दुकान गेलंच.

जमलं नाही हो. लाज वाटते सांगायला, पण जन्मात एकदा खोटं सरळ उभं राहायचं होतं, तेही मला जमलं नाही. मी हळूहळू उजवीकडं कलंडले. रिकामी.

"आगं बया!" सुलाबाई म्हणाल्या. "शाले, ह्या तागडीपायी मी दोन म्हैनं मार्टातनं डाळ आणाय लागलीया!"

"मला वाटलं घाण हाय ती," शालूबाई पुटपुटल्या. मग पदर खोचून पायरीवरून रस्त्याकडं तोंड केलं आणि म्हणाल्या, "ऐका समदी! भाऊसोचं माप खरं हाय. चूक माझी." हे मात्र मानलं पाहिजे. जेवढ्या मोठ्यानं बाईंनी बदनामी केली, तेवढ्याच मोठ्यानं परत घेतली.

आता मी पुन्हा दुकानात आहे. पारड्याखाली नवा पासंग आहे. गिऱ्हाईक सगळं परत आलं नाही. काहींना गार हवेची सवय लागली, ती माझ्यानं सुटायची नाही. पण बायका मार्टातली पाकिटं घेऊन येतात आणि माझ्यावर तोलून घेतात. ती बहुतेक बरोबर भरतात, आणि बरोबर भरली की बायका जरा हिरमुसतात.

तुम्हाला एकच सांगणं, तोलायचंच असेल तर सगळ्यांचंच तोला, आणि आधी तागडी रिकामी धरून बघा.

भाऊसोवरचा माझा राग अजून गेलेला नाही. रोज सकाळी शटर उघडलं की तो आधी माझ्यापुढं उभा राहतो, मला रिकामी सोडतो आणि श्वास धरून बघतो. मी मुद्दामच जरा जास्त वेळ हलत राहते.