सकाळी लंगडणारी सून

वाचकहो, घरातल्या कोणाचे दुखणे खरे आणि कोणाचे खोटे, हे ठरवण्याचा मक्ता आपल्याला कोणी दिला? पेणजवळच्या खाडीकाठी राहणाऱ्या वेणूबाईंनी तो आपणहून घेतला होता.

मिठाचा हंगाम तोंडावर आला होता. मिठागराच्या वाफ्यांचा तळ घट्ट करायला बायका ओळीने उभ्या राहून दिवसभर टाचा आपटीत. वेणूबाईंची सून केसर दोन महिने त्या ओळीत होती. रोज पहाटे अंथरुणातून उठून टाच जमिनीला लागली, की ती "आई गं!" करून भिंत धरी. थोडी जा-ये झाली की चालू लागे. नेमकी याचीच वेणूबाईंना चीड!

"पानी भरायचं म्हटलं का लंगडते, आन् घटकाभरानं बरी चालते! सोंग हाय निस्तं!"

लेप झाले, अंगारा झाला. शेवटी एका सकाळी त्यांनी विळा चुलीत तापत ठेवला. टाचेला डाग दिला की दुखणेही पळेल आणि सोंगही! केसर पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली. तिचा नवरा भिकू अंगणात उगाच तोंड धूत राहिला.

तेवढ्यात दवाखान्याचे कंपाउंडर शिवदास हिवतापाच्या गोळ्या वाटत दारात आले. लालबुंद विळा पाहून त्यांनी कारण विचारले, आणि पहाटेच्या सोंगाची तक्रार ऐकून ते भडकलेच.

"वेणूबाई, सोंग करणाऱ्याला बघणारं माणूस लागतं. ही अंधारात एकटी उठते, तेव्हा कोणासाठी लंगडते?"

शिवदासांनी टाचेखाली अंगठा दाबताच केसर कळवळली.

"तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत जाड पट्टा असतो. आपटून आपटून तो दुखावतो, रात्री आखडतो. सकाळी पहिल्या पावलाला ताणला की कळ येते. चालून सैल झाला की कमी होते. संध्याकाळी पुन्हा ठणकत असणार, ते ती तुम्हाला सांगत नसेल!"

"मंग करायचं काय?"

"उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढून धरायची, दहादा. टाचा आपटायचं काम सध्या बंद. आणि अनवाणी फिरायचं नाही, जाड तळाच्या वहाणा घालायच्या. बरं व्हायला काही महिने लागतील."

"सुनेनं वहाना घालायच्या? गाव हसंल!"

"हसू दे! डागानं बरी झालेली एक तरी बाई दाखवा मला."

वेणूबाईंनी खाली बसून आपली डावी टाच पुढे केली. तिच्यावर जुन्या डागाच्या दोन रेघा होत्या.

"माज्या सासूनं दिला. ईस वरसं झाली."

"मग, दुखायचं थांबलं?"

"न्हाय भाऊ," वेणूबाई डागांवर बोट फिरवत म्हणाल्या. "सांगायचं थांबलं."

केसरने मान वर करून सासूकडे पाहिले. वेणूबाईंनी विळा ओढून पाण्याच्या बादलीत टाकला आणि अंगणाकडे तोंड करून ओरडल्या, "भिकू, पुरं झालं तोंड धुनं! बाजारातनं वहानांचे दोन जोड आन. एक हिचा, एक माजा!"

बंधुभगिनींनो, घरातल्या बाईने कुरकुर बंद केली म्हणजे ती बरी झाली, असे समजू नका. आजच तिला विचारा, आणि ती सांगेल ते खरे माना!