बिडी सुटल्यावर

दवाखान्यात शाहीनने पुंजाजीचा उजवा हात ओढून घेतला आणि बोटं आपल्या नाकापाशी नेली. बिडीचा वास नव्हता. साबणाचा होता, आणि थोडा मातीचा.

"खरंच सोडली की हो!"

पुंजाजीची मान छातीवर आली होती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. शेजारी बसलेल्या गोजरबाईने पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं.

"बिडी सुटली, सिस्टर, पण मानूस दिवसभर झोपूनच राह्यते. काल जेवता जेवता ताटावरच मान टाकली. हे असं काऊन?"

शाहीनने तो प्रश्न वहीत लिहून घेतला. नांदुऱ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात यंदाही गुलाबी बोंडअळीने निम्मी बोंडं पोखरली होती. जो कापूस हाती लागला, तो भाव वाढेल या आशेने गोजरबाईने बाहेरच्या खोलीत छताला टेकेल इतका भरून ठेवला होता. दिवाळीनंतर एका दुपारी पुंजाजीच्या बिडीची ठिणगी त्यात पडली. ओल्या पोत्यांनी आग विझवताना गोजरबाईचे हात भाजले. त्या हातांना मलम लावताना शाहीनला कळलं, की पुंजाजीला बरीच वर्षं आवाज ऐकू येतात, गोळ्या चालू आहेत, आणि त्यातलाच एक आवाज त्याच्याकडे बिडी मागतो.

मनाचा आजार असलेल्यांची बिडी-सिगारेट कशी सोडवावी, हे पुण्याचे एक डॉक्टर दर बुधवारी व्हिडिओवरून गावोगावच्या नर्सना शिकवत. आगीनंतर शाहीनने एकही बुधवार चुकवला नव्हता. या बुधवारी तिने पुंजाजीच्या पेंगण्याबद्दल विचारलं.

"बिडीचा धूर छातीत जात होता, तेव्हा ही गोळी शरीरातून लवकर निघून जायची," डॉक्टर म्हणाले. "आता धूर थांबला, तर तीच गोळी जास्त होतेय. तुमच्याकडच्या मानसोपचार डॉक्टरांशी मी आजच बोलतो. डोस कमी करावा लागेल. आणि आवाजांचं काय?"

"बंद झालेत सर."

"वा! फार चांगलं काम केलंत."

पडद्यावरच्या लहान लहान चौकटींतून इतर नर्सनी टाळ्या वाजवल्या. शाहीन लाजून हसली.

गोळी कमी झाल्यावर पुंजाजी आला तो ताठ चालत. गोजरबाई औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होती. त्याने दाराकडे एकदा पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"गोळी कमी केली ना सिस्टर, मंग थो येईन का वापस?"

"नाही येणार. घाबरू नका भाऊ."

"नाईच येनार?"

"अजिबात नाही."

पुंजाजीने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले, तेव्हा शाहीनच्या लक्षात आलं, की तो घाबरला नव्हता.

"मोतीराम होता थो," तो म्हणाला. "माहा लहाना भाऊ. कपाशीवर फवारताना औषधाचं इख लागलं त्याले. तासातच जीव गेला. तवापासून माह्यासंगं बोले. वावराच्या धुऱ्यावर बसलो का म्हने, दादा, एक झुरका दे. म्हनून त मी पेटवो." त्याने बाहीने नाक पुसलं. "थो कुठी गेला, हे तुमच्या डाक्टरले विचारता का?"

बुधवारी आपली पाळी आल्यावर शाहीनने तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आवाज काय सांगतो, ते आपण विचारलं," ते म्हणाले. "कोणाचा आहे, ते नाही विचारलं." मग थांबून म्हणाले, "गोळ्या चालूच राहू द्या सिस्टर. पण त्यांना भावाबद्दल बोलू द्या. याहून जास्त मलाही सांगता येत नाही."

पुढच्या खेपेला शाहीनने दोघांनाही आत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"पुंजाजीभाऊ, मोतीराम कसा होता, सांगा ना."

गोजरबाईने चमकून वर पाहिलं. घरात ते नाव निघालं, की ती पुंजाजीला गप्प करायची.

पुंजाजी सावरून बसला. "लय बोलका होता. असा..." त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. काहीतरी ऐकू येतंय का, असं बघितल्यासारखा तो थांबला. कपाळावर आठ्या आल्या.

"आवाजच ध्यानात येऊन नाई राह्यला," तो म्हणाला.

बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"घोगरा होता," गोजरबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "सकाऊन दारातूनच वरडत भाऊजी. वयनी, च्या मांड व."

पुंजाजीने डोळे मिटले.

"अजून सांग," तो म्हणाला.